आडे सरांचं बिदर

आडे सर कुणाच्याही घरी गेले की आधी बाथरूममध्ये जातात.

यात सांगण्यासारखं काय, असं तुम्हाला वाटेल. उन्हातून आलेला माणूस, वय झालेलं, गेला असेल. पण सर त्या कामासाठी जात नाहीत. ते भिंत पाहायला जातात. चष्मा कपाळावर चढवतात, नाक टाइलला लागेल इतके जवळ जातात, बोटाच्या पेरानं दोन ठिकाणी टकटक करतात आणि बाहेर येऊन यजमानाला विचारतात, "आलं कोठून, ते सांगा!"

"काय आलं, सर?"

"हा वेल. ही पाकळी. हे आलं कोठून?"

यजमान बिचारा दुकानाचं नाव सांगतो. सर हात झटकतात. "दुकान तं शेवटचा थांबा झाला ना बावा! गाडी सुटली कोठून?"

हे यजमानाला सांगता येत नाही. मग सर सांगतात, आणि ते ऐकायला पाऊण तास लागतो. तोवर चहावर साय धरते.

पुतण्यासाठी मुलगी पाहायला आडे मंडळी मारेगावला गेली होती, तेव्हाची गोष्ट सगळ्या पुसदला माहीत आहे. पोह्यांच्या बश्या आल्या आणि मुलाचे काका गायब. अर्धा तास झाला तरी मागच्या अंगणातल्या न्हाणीघरातून ते बाहेर येईनात. मुलीच्या आईनं हळूच ओव्याचं पाणी तयार केलं. मुलीचा बाप दाराशी जाऊन अदबीनं म्हणाला, "पाहुणे, पोटाची गोळी देऊ का?" आतून सर ओरडले, "गोळी नको, टॉर्च द्या!"

टॉर्च घेऊन खुद्द मुलगीच गेली. भिंतीकडे बघून म्हणाली, "सर, हे ढग चिनी चित्रातल्यासारखे वाटतात ना?" सर तिथूनच गर्जले, "पोरगी पसंत!" पुतण्यानं तोवर तिला नीट पाहिलंही नव्हतं. पुढे लग्न झालं, संसार उत्तम चालू आहे, आणि ते ढगांचं डिझाइन, सरांच्या मते, इराणमार्गे आलेलं होतं.

मी भगत. सर ज्या शाळेत चित्रकला शिकवायचे त्या शाळेत मी कारकून. गावात सगळे मला भगत बाबू म्हणतात. सरांचं नाव देवसिंग आडे, पण गावात त्यांना "टाइल सर" म्हणतात आणि हे नाव त्यांना सन्मानाचं वाटतं. राहायला पुसदपासून पाच-सहा किलोमीटरवरच्या तांड्यात. लग्न केलं नाही. कुणी विचारलं तर "राहून गेलं" म्हणतात, जसं आपण दुकानातून साखर आणायची राहून गेली म्हणतो.

हे टाइलचं वेड त्यांना रद्दीतून लागलं. तरुणपणी रद्दीच्या दुकानात त्यांना एक जाडजूड इंग्रजी पुस्तक सापडलं, पुठ्ठा गेलेलं, पहिली पानं उंदरांनी खाल्लेली. म्हणजे पुस्तकाचं नाव काय, लिहिलं कुणी, हे आजतागायत सरांना माहीत नाही. पण आतली चित्रं शाबूत होती. सातशे-आठशे वर्षांपूर्वी इराणातल्या राजवाड्यांच्या, दर्ग्यांच्या भिंतींवर लावलेल्या टाइल्स. एक आठ टोकांचा तारा, मग एक फुली, मग तारा, मग फुली, अशा एकमेकींत बसवलेल्या. काहींना तांब्या-चांदीचं पाणी देऊन पुन्हा भाजलेलं, त्यामुळे सोन्यासारख्या झळाळणाऱ्या. काही निळ्या, काही मोरपिशी. काशान नावाच्या गावात त्या बनत, म्हणून त्या कामाला काशीकाम म्हणतात. सरांनी हे स्टाफरूममध्ये सांगितल्यापासून गणिताचे शिक्षक दर उन्हाळ्यात विचारत, "काय सर, यंदा काशीले जाता का?" आणि दर उन्हाळ्यात सर तितक्याच गंभीरपणे दोन्ही काश्यांमधला फरक समजावून देत.

पण सरांना खरा आनंद टाइलचा नव्हता. टाइलवर परदेशातून जे जे येऊन बसलं, त्याचा होता. मंगोलांनी चीनही घेतला आणि इराणही घेतला, रस्ते खुले झाले, आणि चिनी रेशमावरचे, भांड्यांवरचे ढग, पक्षी, कमळं, नागमोडी ड्रॅगन असे सगळे उंटांवर बसून इराणच्या भिंतींवर आले. हे सांगताना सरांचे हात उंटासारखे वरखाली होत.

एकदा मी पगारपत्रकात मान घालून बसलो होतो. सर आले आणि टेबलावर पुस्तक आपटून म्हणाले, "भगत बाबू, तुमी इथं बसून काय करून राह्यले? तुमचं कमळ इराणात हाय!"

"माझं कमळ?"

"तुमच्या बुद्धाचं! इथून धम्मासंगं चीनले गेलं. तिथं दोन-चार शतकं राह्यलं, रंगरूप बदललं. मंग मंगोलांसंगं इराणले आलं. मुसलमान कारागिरानं राजवाड्याच्या भितीवर बसवलं. अन् तुमाले पत्ताच नाही!"

मी पाहिलं. खरंच कमळ होतं, जरा गुबगुबीत, चिनी वळणाचं. त्या दिवशी मी घरी जाऊन बायकोला, मायाला, सांगितलं. ती म्हणाली, "बरं झालं. आता पोळ्या खाता का कमळ?"

निळ्या रंगाची गोष्ट तर सरांच्या खास आवडीची. चिनी मातीच्या भांड्यांवरचा जो प्रसिद्ध निळा रंग, त्याची खनिज माती बरीचशी इराणकडूनच चीनला जाई. तिथे तिचं भांडं होई, भांडं इराणला परत येई, आणि इराणचे कारागीर ते पाहून डोक्याला हात लावत, "काय तो चिनी निळा!" आणि त्याची नक्कल करत. "म्हंजे पोरगी आपलीच," सर म्हणत, "सासरी जाऊन आली तं माहेरच्यांनी वळखलीच नाही!" आणि इतके हसत की डोळ्यांत पाणी येई.

हे वेड स्टाफरूममध्ये राहिलं असतं तर ठीक होतं. पण शाळेत मुलींसाठी नवीन स्वच्छतागृह बांधलं आणि मुख्याध्यापिका बाईंनी मोठ्या मनानं सरांना म्हटलं, "सर, भिंतीवर काहीतरी छान करा."

सरांनी महिनाभर दुकानादुकानांतून फुटक्या टाइल्स गोळा केल्या. त्या कापून तारे केले, फुल्या केल्या. उन्हाळ्याच्या सुट्टीत, बेचाळीस अंशांच्या पुसदमध्ये, डोक्याला ओला पंचा बांधून भिंत सजवली. आणि मधोमध, दारातून आत शिरताच समोर दिसेल असा, हिरवा-पिवळा, चार पायांचा, जीभ काढलेला चिनी ड्रॅगन बसवला.

शाळा उघडली. पहिल्याच दिवशी पाचवीच्या दोन मुली किंचाळत बाहेर आल्या. दुसऱ्या दिवसापासून कुणी आत जाईना. मुली थेट घरी जाऊ लागल्या. आठवड्याभरानं पालक बायांचा घोळका आला. त्यांच्या पुढारी होत्या सखूबाई, भाजीबाजारातल्या, आवाजानं दोन गल्ल्या हलवणाऱ्या.

"बाई, पोरी म्हन्तात आत घोरपड हाय."

मुख्याध्यापिका बाईंनी सरांना बोलावलं. सर ताठ उभे राहिले. "घोरपड नाही ते. चिनी ड्रॅगन व्हय. तेराव्या शतकात चीनमधून इराणात आला."

सखूबाईंनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाल्या, "आला तं आला, गुरुजी. पन मंग आमच्या पोरींच्या संडासात काहून आला?"

या प्रश्नाचं उत्तर सरांच्या पुस्तकात नव्हतं. तडजोड अशी झाली की ड्रॅगन तिथून काढून पाण्याच्या टाकीच्या भिंतीवर लावायचा. सरांनी तो एकेक तुकडा सोडवून तिकडे नेला. त्या टाकीला मुलं अजून घोरपडीची टाकी म्हणतात. सरांनी सहा महिने ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं. पुढे मात्र एकदा स्वतःच मला म्हणाले, "भगत बाबू, त्या घोरपडीच्या टाकीचा नळ गळून राह्यला," आणि जीभ चावली.

आता सरांची एक गोष्ट मला कधी कळत नसे. दरवर्षी शाळेची सहल निघे, आणि सहलीचा सगळा बेत सर आखत. गाडी कुठे थांबेल, कुठे काय पाहायचं, कुठल्या दरवाज्याच्या कोणत्या कोपऱ्यात कुठला वेल आहे, सगळं कागदावर. आणि सहलीच्या दिवशी सर गाडीला हात दाखवून घरी जात. शेवटच्या आठ-नऊ वर्षांत एकदाही गेले नाहीत. एका वर्षी त्यांच्याच आग्रहानं सहल बिदरला गेली. कर्नाटकातलं बिदर, नांदेडच्या पलीकडे. तिथे महमूद गावानाचा जुना मदरसा आहे. गावान मूळचा इराणी, बहमनी राज्यात वजीर झाला, आणि त्याच्या मदरशाच्या भिंतीवर अस्सल इराणी धाटणीचं काशीकाम आहे. आपल्यापासून एका दिवसाच्या रस्त्यावर. सरांनी मुलांना महिनाभर त्याची चित्रं काढायला लावली. आणि गाडी सुटली तेव्हा सर नेहमीसारखे खाली उभे.

"सर, चला ना!" मी खिडकीतून म्हणालो.

"तुमी पाहून या. मी पाह्यल्यासारखंच हाय," ते म्हणाले.

खरं सांगायचं तर मला वाटलं, यांना गाडी लागत असेल.

सरांच्या नोकरीचं ते शेवटचं वर्ष. एका रविवारी कपाटाची किल्ली विसरली म्हणून मी शाळेत गेलो. शाळा बंद, पण चित्रकलेच्या वर्गातून फोडणीचा वास येत होता. दार ढकललं. आत बनियन-लुंगीवर आडे सर, समोर विजेची शेगडी, तिच्यावर खिचडी. बाकं जोडून केलेला बिछाना. उशाला प्रवासाची बॅग.

"सर?"

सरांनी ओठावर बोट ठेवलं. "श्श! मी बिदरले हाय."

"कोण?"

"मी. कालच गेलो. उद्या दुपारी येतो वापस."

मी बाकावर बसलो. सरांनी मला पळसाच्या पानावर खिचडी वाढली. जरा वेळानं म्हणाले, "तुमच्या फोनमदी पाहा बरं, बिदरले आज थंडी किती हाय?" मी पाहून सांगितलं. त्यांनी वहीत लिहून घेतलं. "अन् नांदेडवरून बिदरची गाडी कितीले हाय? देगलूरले थांबते का?" तेही लिहून घेतलं.

"सर, हे काय चाललंय?"

"काही इचारू नका. फक्त कोणाले बोलू नका. घरी तं बिलकुल नाही."

घरी भांडण झालं असेल, भाऊ-भावजयीशी काही बिनसलं असेल, असा मी तर्क केला आणि गप्प बसलो. मात्र मायाला सांगितल्याशिवाय मला राहवलं नाही. पुसदच्या शाळेत बसून बिदरला गेलेला माणूस, म्हणून आम्ही दोघं आठवडाभर हसत होतो.

दोनेक महिन्यांनी सर निवृत्त झाले. पेन्शनच्या कागदांवर सह्या राहिल्या होत्या, त्या घ्यायला मी संध्याकाळी तांड्यावर गेलो. इतक्या वर्षांत मी त्यांच्या घरी पहिल्यांदाच जात होतो. ते कुणाला घरी बोलावत नसत.

दोन खोल्यांचं घर, शेजारी धाकट्या भावाचं. पुढच्या खोलीत खाटेवर एक म्हातारी उशाला टेकून बसली होती. मूठभर देह. हनुवटीवर गोंदण, दंडापर्यंत पांढऱ्या बांगड्या, डोळे मात्र ताज्या कापसाच्या बोंडासारखे उघडे. ही सरांची आई. बंजारा घरांत आईला याडी म्हणतात. नऊ वर्षांपूर्वी ती पडली, खुब्याचं हाड मोडलं, तेव्हापासून खाटेवर. दिवसा भावजय सगळं करी, पण संध्याकाळचा घास याडी फक्त मोठ्या लेकाच्या हातून घेई. नाहीतर उपाशी झोपे. दुसऱ्या दिवशीही हट्ट तोच.

आणि मी सहीचे कागद मांडीवर धरून पाहत राहिलो. सर दुधात भाकरी चुरत होते, एकेक घास भरवत होते आणि प्रत्येक घासाबरोबर त्यांच्या बंजारा, म्हणजे गोर बोलीत काहीतरी सांगत होते. मला बोली येत नाही, पण शब्द ओळखू येत होते. चीन. इराण. बिदर. मिनार. मध्येच सरांचे हात उंटासारखे हलले आणि दूध माझ्या पँटवर सांडलं.

याडी नुसती ऐकत नव्हती, ती अडवत होती. सरांनी मला भाषांतर करून सांगितलं, "इचारते का चीनचा नक्षा इराणच्या लोकांनी घेतला, तं चिन्यांनी भांडण नाही केलं का?"

"मग तुम्ही काय सांगितलं?"

सर उत्तर देणार तर याडीच माझ्याकडे वळली आणि वऱ्हाडीत बोलू लागली. "भांडन कायले? माह्या सासऱ्याचा बाप बैलावर मीठ वाहे. बैलाच्या झुलीवर आमच्या बाया भिंगं लावत, फुलं शिवत. ज्या गावी मुक्काम पडे, तिथल्या बाया झूल पाहत बसत. पुढच्या साली त्याच गावी गेलं का, त्यांच्या चोळीवर आमचं फूल. अन् त्यांच्या काठाची वेल आमच्या झुलीवर. चोरी नसते ते, बेटा. पाहुनचार व्हय."

मी सरांकडे पाहिलं. जे सांगायला त्यांना पाऊण तास आणि एक जाडजूड पुस्तक लागायचं, ते याडीनं दोन घासांच्या मधल्या वेळात सांगितलं होतं. सर खाली मान घालून भाकरी चुरत होते, आणि शाबासकी आपल्यालाच मिळाल्यासारखे हसत होते.

"बिदरले तं लय पाह्यलं यानं," याडी म्हणाली. "लय थंडी होती म्हने. देगलूरले गाडी थांबली, चा पेला. अन् मिनारवर मोठी चिनी घोरपड."

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. सर एकदम उठले. "पाणी आणतो," म्हणाले आणि मागच्या दारानं बाहेर गेले.

याडीनं मला जवळ ये अशी खूण केली. "तो गेलता का बिदरले?"

मी कारकून माणूस. खोटं लिहिणं नियमात बसत नाही, आणि बोलणं जमत नाही. तरी म्हणालो, "हाव याडी, गेलते ना."

"तू बी तसाच," ती म्हणाली आणि बोळकं पसरून हसली. "वापस आला तं अंगाले रंगाचा अन् खडूचा वास. दोन दिस येष्टीत बसलेला मानूस असा वासते का? अन् बॅगेत इस्तरी तशीच."

"मग तुम्ही बोलल्या काहून नाही?"

"कायले बोलू? म्या रोज म्हनो, माह्यासाठी तू कोठी गेला नाही, कोठी गेला नाही. त्याले ते लागे. म्हून जाऊन आला बावा माहा लेक. ते दोन दिस म्या सुनेच्या हातून खाल्लं. अन् मले फिरवून आनलं ना त्यानं. ऊसतोडीले मी किती दूर दूर गेलती, पन तिथं ऊसच पाह्यला. बिदर तं यानं दाखोलं. आता रोज संध्याकाळी जातो आमी."

मागच्या दाराशी तांब्याचा आवाज झाला. याडीनं माझं मनगट धरलं. पकड भलतीच घट्ट होती.

"मी गेल्यावर त्याले खरंच घेऊन जाजो. त्याले रस्ता पाठ हाय, पन एकट्याचा पाय नाही उठत."

पुढच्या वर्षी उन्हाळ्यात याडी गेली. झोपेतच. मी आणि माया मातीला गेलो. सर रडले नाहीत. लोकांना बसायला सतरंज्या टाकत होते, म्हाताऱ्यांना पाणी देत होते.

पण त्यानंतर सर बिघडले. दिवाळीच्या सुमारास ते आमच्या घरी आले. आम्ही नुकतंच बाथरूम नवीन केलं होतं आणि मायानं, सरांच्या धाकानं, दुकानात दोन तास घालवून कमळाची नक्षी निवडली होती. सर आले, खुर्चीवर बसले, चहा घेतला, "ठीक हाय ना सगळं?" म्हणाले आणि चपला घालून निघून गेले. बाथरूमकडे त्यांनी पाहिलंही नाही.

माया दारात तशीच उभी राहिली. "अहो," ती म्हणाली, "सरांना डॉक्टरकडे न्या नाहीतर बिदरला न्या."

जानेवारीत मी सरांना घेऊन निघालो. आधी ते येईनातच. थंडी आहे म्हणाले, गुडघा दुखतो म्हणाले, तूर काढायची आहे म्हणाले. सरांना तूर नाही, भावाला आहे. मी तिकिटं आधीच काढल्याचं सांगितलं, एस.टी.ला असं काही लागत नाही हे त्यांच्या लक्षात आलं नाही. नांदेडपर्यंत ते बोलत होते, देगलूरला चहालाही उतरले नाहीत. बिदरच्या लॉजवर पोहोचलो तेव्हा मी मुद्दाम म्हणालो, "सर, बाथरूम पाहा ना." ते आत गेले आणि एका मिनिटात बाहेर आले. "मोरबी. गुजरातचा कारखाना," म्हणाले आणि पलंगावर बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मदरशाला जायचं, तर सरांना आधी किल्ला पाहायचा होता. मग पेरू घ्यायचे होते. मग पेरूवाल्याशी गप्पा. मग केस कापायचे. चाळीस वर्षं ज्या भिंतीबद्दल हा माणूस बोलत आला, तिच्यापासून चार गल्ल्यांवर तो न्हाव्याच्या खुर्चीत बसून होता. दाढीही करून घेतली. शेवटी ऊन उतरायला लागलं तेव्हा मी त्यांचा दंड धरला आणि नेलं.

तीन मजली, भक्कम, निम्मी ढासळलेली इमारत. दर्शनी भागातला एकच मिनार उभा. टाइल्स बऱ्याचशा गळून गेलेल्या. पण ज्या उरल्यात त्या अशा, की मला काही कळत नाही तरी मीही पेरूची पिशवी खाली ठेवून मान वर केली. मिनारभर निळ्या, पांढऱ्या, पिवळ्या नागमोडी पट्ट्या, आणि वर भिंतीवर गर्द निळ्यावर पांढरी अक्षरं, आत्ताच कुणी लिहून गेल्यासारखी. तिरपं ऊन पडलं होतं.

मी वाट पाहत होतो. आता सर सुरू होतील. इराण, चीन, मंगोल, उंट.

सर पायथ्याशी गेले, वर पाहिलं, एक फेरी मारली. दुसरी फेरी मारली. मग हिरवळीवर येऊन मांडी घालून बसले.

"ड्रॅगन नाही," ते म्हणाले.

"नाही ना."

"म्या याडीले सांगलं होतं का हाय. तिले लय आवडे ते. म्हून ठेवला म्या तिथं." चष्मा काढून ते शर्टाला पुसू लागले. "भगत बाबू, मी तिच्याशी खोटं बोललो. इथं आलोच नव्हतो. तुमाले माहीतच हाय. रोज संध्याकाळी, दीड वर्ष, घासाघासाले खोटं. अन् ती इश्वासानं ऐकत गेली. मरताना बी तिच्या मनात माहं खोटंच बिदर."

पुसून झालेली काच ते पुन्हा पुसत राहिले. मी विचार करत होतो. म्हातारीनं मला सांगू नको असं म्हटलं नव्हतं. सांग असंही म्हटलं नव्हतं.

"सर, याडीला ठाऊक होतं."

त्यांचा हात थांबला.

मी सगळं सांगितलं. खडूचा वास, इस्तरी न मोडलेले कपडे, माझं मनगट. "रोज संध्याकाळी जातो आमी" हेही सांगितलं, तिच्याच शब्दांत.

सरांचे खांदे हलू लागले. मला वाटलं, रडतात. ते हसत होते. आवाज न करता, पोट धरून, आणि हसता हसता ते दुसरं काय सुरू झालं ते मला कळलं नाही, त्यांनाही कळलं नसेल. मी पेरूची पिशवी उघडायला लागलो, उगाच.

"दीड वर्ष!" शेवटी ते म्हणाले. "दीड वर्ष बुढीनं मले बोलू देल्लं!"

"तुम्हाला सांगायला आवडत होतं, सर."

त्यांनी चष्मा लावला. उठले, पँटचं गवत झटकलं आणि पुन्हा भिंतीपाशी गेले. या वेळी अगदी जवळ. मान वर करून उभे राहिले आणि हळूहळू बोलू लागले. गोर बोलीत. एक हात वरच्या अक्षरांकडे, मग मिनाराकडे, मग जिथे टाइल्स गळून नुसती वीट उरली होती तिकडे. मध्येच थांबत होते, ऐकल्यासारखे, आणि मान हलवून पुढे सांगत होते. मी मागेच राहिलो.

ऊन भिंतीच्या वरच्या कडेला पोहोचलं तेव्हा पहारेकरी किल्ल्या वाजवत आला. "साब, बंद करने का टैम हो गया. उनों कौन है? किसके संगात बाताँ कर रै?"

"घरवालों के साथ," मी म्हणालो. "पाँच मिनट रुको भाई. उनकी बात चल रही है."

पहारेकऱ्यानं सरांच्या दोन्ही रिकाम्या हातांकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"हौ," तो म्हणाला, आणि आधी मागचं दार लावायला निघून गेला.